सैल तारांचं गुपित

दुकानातून नवी गिटार विकत घेतली, की दुकानदार तिच्या सहा तारा जुळवून देतो. सर्वांत जाड तार 'ई' या सुरात, मग ए, डी, जी, बी आणि सर्वांत बारीक तार पुन्हा 'ई'. गिटारच्या क्लासमध्ये शिकवतात ते याच जुळणीवर. कॉर्डचे तक्ते छापलेले असतात तेही याच जुळणीसाठी. त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं, की गिटार जन्मालाच अशी आली आणि तिच्या तारा दुसऱ्या कशा लावायच्या हा प्रश्नच नाही.

पण तारा कशा लावायच्या हे वाद्य ठरवत नाही, वाजवणारा ठरवतो. आपल्याला हे नवं वाटू नये. आपल्याकडे तानपुऱ्याची पहिली तार एरवी पंचमात लावतात. पण गायक मालकंस गाणार असेल तर त्या रागात पंचमच नाही, म्हणून ती तार उतरवून मध्यमात आणतात. एक खुंटी थोडी सैल केली, की सगळी बैठक वेगळ्या रंगाची होते. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरच्या लोकांनी गिटारच्या बाबतीत नेमकं हेच केलं. त्यांनी खुंट्या सैल केल्या, नव्या जुळण्या शोधल्या, त्यांतून स्वतःचं संगीत उभं केलं. आणि मग त्या जुळण्या घराघरांत इतक्या जपून ठेवल्या, की एक वेळ अशी आली, ही विद्या जपणाऱ्यांबरोबरच जाते की काय, अशी भीती निर्माण झाली. आज त्या विद्येची गोष्ट सांगायची आहे.

गोष्टीची सुरुवात गिटारनं होत नाही, गाईबैलांनी होते. सन १७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्द्यानं हवाईचा राजा पहिला कामेहामेहा याला काही गुरं भेट म्हणून दिली. त्यांची वीण वाढावी म्हणून राजानं दहा वर्षं त्यांना मारण्यावर बंदी घातली. या बंदीला हवाई भाषेत 'कापू' म्हणतात. कापूचा भंग हा मोठा अपराध. परिणाम व्हायचा तो झाला. पुढच्या काही दशकांत गुरं इतकी वाढली, की रानटी कळप डोंगरउतारांवरून खाली येऊन लोकांची शेतं आणि परसबागा तुडवू लागले. बेटावर घोडे नवे, गुरं राखण्याची रीत कुणाला ठाऊक नाही. तेव्हा तिसऱ्या कामेहामेहानं १८३२ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातून, जो तेव्हा मेक्सिकोचा भाग होता, गुराखी बोलावून घेतले. स्पॅनिश बोलणाऱ्या या माणसांना, ते स्वतःला 'एस्पान्योल' म्हणवतात म्हणून, बेटावरचे लोक 'पानिओलो' म्हणू लागले. आजही हवाईत गुराख्याला पानिओलो हाच शब्द आहे.

हे गुराखी दिवसभर घोड्यावर आणि रात्री शेकोटीपाशी. येताना त्यांनी आपल्या गिटारी आणल्या होत्या. हवाईच्या लोकांनी त्या पाहिल्या, ऐकल्या. पुढे यातले पुष्कळ गुराखी काम संपवून परत गेले आणि काही गिटारी मागं राहिल्या, असं परंपरा सांगते. बेटांवर येणाऱ्या जहाजांमधूनही गिटारी आल्याच असतील. पण वाद्य आलं म्हणजे त्याची रीतही आली असं नसतं. हाती गिटार होती, शिकवणारा मात्र निघून गेलेला. अशा वेळी माणूस काय करतो? तो आपल्या कानाला जे गोड लागेल तिथवर खुंट्या फिरवतो.

आणि या लोकांच्या कानात आधीच पुष्कळ काही होतं. त्यांचे स्वतःचे 'मेले', म्हणजे पठणासारखी म्हणायची गाणी, होती. शिवाय १८२० पासून अमेरिकेहून आलेल्या मिशनऱ्यांनी प्रार्थनागीतं शिकवली होती. चार वेगवेगळे सूर एका वेळी गायचे, ही कल्पना त्यांतून रुजली होती. या दोन्हींचा मेळ बसेल अशा रीतीनं त्यांनी गिटारच्या तारा सैल केल्या. या पद्धतीचं नावही तेच आहे. 'की होआलू'. 'की' म्हणजे चावी, खुंटी; हा शब्द इंग्रजीतून आलेला. 'होआलू' म्हणजे सैल करणं.

आता हे नेमकं कसं करतात ते आपल्या सरगमच्या भाषेत पाहू. घरी गिटार असेल तर हा प्रयोग कुणालाही करता येईल. सर्वांत प्रचलित जुळणीचं नाव 'टॅरो पॅच'. टॅरो म्हणजे आपल्या अळूच्या जातीचा कंद, हवाईचं मुख्य अन्न; म्हणजे हिला 'अळूच्या वाफ्याची जुळणी' म्हणायला हरकत नाही. सहापैकी तीन तारा आहेत तशाच ठेवायच्या. सर्वांत जाड सहावी तार सैल करत न्यायची, ती चौथ्या तारेच्या बरोबर एक सप्तक खाली बोलेपर्यंत. पाचवी तार सैल करायची, ती तिसरीच्या एक सप्तक खाली येईपर्यंत. आणि सर्वांत बारीक पहिली तार उतरवायची, ती चौथीच्या एक सप्तक वर जुळेपर्यंत. तीनही तारा फक्त दोन-दोन पडद्यांइतक्या उतरतात. एकही तार ताणायची नाही. आता तिसऱ्या तारेला षड्ज माना. जाड तारेकडून बारीक तारेकडे बोट फिरवलं तर ऐकू येईल, प सा प सा ग प.

म्हणजे डाव्या हाताचं एकही बोट न टेकवता गिटार सुरेल स्वरमेळ वाजवते. नेहमीच्या जुळणीत नवशिक्याची बोटं पहिले काही आठवडे कॉर्ड पकडण्यातच दुखतात. इथे मोकळ्या तारा स्वतःहून साथ देतात. सगळ्या तारांवर पाचव्या पडद्यावर एक बोट आडवं टेकवलं की मध्यमाचा स्वरमेळ मिळतो, सातव्यावर पंचमाचा. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर एकसारखा आळीपाळीनं झुलत राहतो आणि त्याच वेळी उरलेली बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. एकच माणूस ठेका, साथ आणि गाणं तिन्ही सांभाळतो. संध्याकाळी घराच्या ओसरीवर बसलेल्या कुटुंबाला दुसऱ्या वादकाची गरज उरत नाही.

पण ही फक्त एक जुळणी झाली. याच जुळणीत तिसरी तार अजून एका पडद्यानं उतरवली, की मधल्या षड्जाच्या जागी शुद्ध निषाद येतो. मोकळी तार छेडली की तो निषाद हुरहुर लावतो आणि लगेच पहिल्या पडद्यावर बोटाचा ठोका दिला की स्वर षड्जावर येऊन विसावतो. या प्रकारच्या जुळण्यांना 'वाहिने', म्हणजे स्त्री, असं नाव आहे. एका तारेतल्या एवढ्याशा फरकानं गाण्याची सगळी प्रकृती बदलते, आणि बोटांची सगळी वळणंही. अशा डझनावारी जुळण्या बेटाबेटांवर, घराघरांत तयार झाल्या. एक जुळणी येते म्हणून दुसरी येत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.

इथेच गुपिताचा प्रश्न येतो. शिकणाऱ्यानं गाणं कितीही वेळा ऐकलं, तरी तारा कशा लावल्या आहेत हे कळल्याशिवाय ते बोटांत उतरत नाही. जुळणी हीच किल्ली. म्हणून जुळणी घरातच ठेवायची. ती आजोबांकडून नातवाला, मामाकडून भाच्याला मिळायची, तीही त्याची लायकी पटल्यावर. परकं माणूस आलं की वादक पाठ फिरवून बसत, गिटार खाली ठेवण्यापूर्वी खुंट्या फिरवून ठेवत, असं तिथले जुने लोक सांगत आले आहेत. रे काने या पुढे नावाजलेल्या वादकाची हकीकत यासंबंधात बोलकी आहे. ओआहू बेटावरच्या नानाकुली गावात वाढलेल्या या मुलाला ही विद्या शिकायची होती. ज्यांच्याकडे ती होती त्यांना तो समुद्रात बुडी मारून मासे आणून देई आणि त्या बदल्यात शिके. फी पैशात नव्हती, पण होती.

गुपित ठेवण्यात निव्वळ कंजूषपणा होता असं मात्र म्हणता येणार नाही. ज्या समाजाचं एकेक करून सगळंच हातचं जात होतं, त्यानं उरलेलं मुठीत घट्ट धरलं तर नवल नाही. १८३० मध्ये राणी काआहुमानूनं मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली सार्वजनिक हुला नृत्याला बंदी केली होती. पुढे राजा कालाकाउआनं हुलाला दरबारी मान परत दिला. १८८३ चा त्याचा राज्याभिषेक आणि १८८६ चा पन्नासाव्या वाढदिवसाचा उत्सव यांत हुला उघडपणे झाली. भोपळ्याच्या आणि चामड्याच्या जुन्या तालवाद्यांच्या शेजारी आता गिटारही बसू लागली होती. पण हा बहर फार टिकला नाही. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत करण्यात आलं. ती स्वतः उत्तम गीतकार आणि संगीतकार होती. १८९६ च्या कायद्यानं शाळांतून शिक्षणाची भाषा इंग्रजी केली. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली. मुलांच्या तोंडून हवाई भाषा जाऊ लागली. भाषा गेली की गाण्याचे शब्द जातात, आणि शब्द गेले की ते कुणी वाजवायचे?

याच काळात या घराण्यातलं एक भावंड मात्र घराबाहेर पडलं आणि थेट आपल्या दारापर्यंत आलं. १८८९ च्या सुमाराला जोसेफ केकुकु या शाळकरी मुलानं गिटार मांडीवर आडवी ठेवली, तारा पडद्यांपासून उचलल्या आणि बोटांऐवजी पोलादी कांडी तारांवरून सरकवायला सुरुवात केली. ही झाली 'स्टील गिटार', म्हणजे ज्याला आपण 'हवाईयन गिटार' म्हणतो ती. तिचीही मुळं सैल तारांतच आहेत. कारण उघड आहे. कांडी सरळ असते, ती बोटांसारखी वेगवेगळ्या पडद्यांवर वाकवून ठेवता येत नाही; तेव्हा मोकळ्या ताराच आपसांत सुरेल असाव्या लागतात. १९०४ मध्ये केकुकु अमेरिकेला गेला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनातलं संगीत लाखोंनी ऐकलं आणि अमेरिकेला त्याचं वेडच लागलं.

ते वेड ग्रामोफोनच्या तबकड्यांतून आणि फिरत्या वादकांबरोबर जगभर पसरलं. ताउ मोए हा हवाईचा वादक आपल्या कुटुंबासह अनेक दशकं देशोदेशी फिरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब काही वर्षं कोलकात्यात राहिलं, तिथे त्यानं कार्यक्रम केले, गिटार शिकवली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर फिल्मी धुना लोकप्रिय केल्या. ज्यांचं बालपण रेडिओच्या सोबतीनं गेलं, त्यांच्या कानात दोन कार्यक्रमांच्या मधली ती तरळती गिटार अजून असेल. मींड हा आपल्या संगीताचा प्राण. कांडीनं तो गिटारवर सहज साधला. म्हणून ब्रिजभूषण काबरा यांनी उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे शिक्षण घेऊन हेच वाद्य रागदारीकडे नेलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची त्यांची ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांतही झिजेपर्यंत वाजली आहे.

एक भावंड असं जगभर मिरवलं. दुसरं, म्हणजे बोटांनी वाजवायची सैल तारांची गिटार, मात्र ओसरीवरच बसून राहिलं. १९३५ मध्ये होनोलुलूच्या वाइकिकी किनाऱ्यावरून 'हवाई कॉल्स' हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. तो चाळीस वर्षं चालला आणि त्यानं जगाला हवाईची ओळख करून दिली, पण ती प्रामुख्यानं स्टील गिटार आणि युकुलेलीची, पर्यटकांना रुचेल अशा गाण्यांची. घरातल्या संगीताला त्यात फारशी जागा नव्हती. एका अर्थी हे बरंच झालं. हॉटेलांच्या रंगमंचापासून दूर राहिल्यानं ते पातळ झालं नाही. पण बंद दारामागे दुसरंच संकट वाढत होतं. तरुण मुलं शहरांकडे, इंग्रजीकडे, नव्या संगीताकडे चालली होती. शिकवायला म्हातारे होते, पण शिकायला नातू ओसरीवर येत नव्हता. आणि परक्याला शिकवायचं नाही असा दंडक. अशा वेळी गुपित सुरक्षित राहतं खरं. मात्र ते जपणाऱ्याच्या श्वासापुरतंच.

ही कोंडी फुटायला सुरुवात झाली ती एका तबकडीनं. गॅबी पाहिनुई हा १९२१ साली जन्मलेला होनोलुलूचा वादक. पोटासाठी त्यानं शहराच्या रस्तेदुरुस्तीच्या टोळीतही काम केलं. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर लगेचच, १९४६ च्या सुमाराला, त्यानं 'हिइलावे' हे गाणं सैल तारांच्या गिटारवर ध्वनिमुद्रित केलं. वाइपिओ खोऱ्यातल्या उंच धबधब्याच्या नावाचं हे जुनं गाणं हवाई भाषेतलंच होतं. घरातली गोष्ट पहिल्यांदा बाजारातल्या तबकडीवर आली. ज्यांना ही विद्या म्हणजे आजोबांच्या काळातली जुनाट बाब वाटत होती, त्यांच्या कानांनी ती नव्यानं ऐकली. गॅबी आणि एडी कामाए यांच्या 'सन्स ऑफ हवाई' या मेळानं पुढे जुनी गाणी शोधून, शब्द तपासून गायला सुरुवात केली. वाइमानालो गावातलं गॅबीचं घर म्हणजे शनिवार-रविवारी उघडी शाळाच असे; ज्याला ऐकायचं त्यानं यावं.

तरीही ऐकणं आणि शिकणं यांत ती खुंटी उभी होतीच. ती ओलांडली पुस्तकांनी. १९६० मध्ये लेनर्ड क्वान या वादकानं एक लहानशी शिकवणी-पुस्तिका छापली. १९७३ मध्ये किओला बीमर या तरुणाचं पुस्तक आलं. बीमर घराणं पिढ्यान्‌पिढ्या हुला आणि गीतरचनेसाठी प्रसिद्ध. त्याची आई नोना बीमर हवाई संस्कृतीची नामवंत शिक्षिका. म्हणजे गुपित उघडणारा बाहेरचा कुणी नव्हता, वारसदारच होता. कुठली तार किती उतरवायची, अंगठा कुठे, बोटं कुठे, हे आता कागदावर कुणालाही वाचता येऊ लागलं.

इथे आपल्याला पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. मुंबईच्या या वकिलानं घराण्याघराण्यांतल्या चिजा उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापून सर्वांना मोकळ्या केल्या. पुस्तकातून गाणं येत नाही, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटाही नाही. किओला बीमरचं पुस्तक वाचून कुणी गॅबी पाहिनुई होत नाही. अंगठ्याचा झोका, ठोक्याची हळुवार जागा, गाण्याच्या शब्दांमागचा अर्थ हे सगळं माणसाकडूनच घ्यावं लागतं. पण पुस्तकानं एक गोष्ट होते. म्हातारा गेल्यावरही जुळणी मागं राहते, आणि पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलाला निदान दाराशी पोचता येतं.

सत्तरच्या दशकात हवाईत सगळीकडूनच जाग येत होती. १९७६ मध्ये 'होकुलेआ' ही जुन्या घडणीची होडी ताऱ्यांच्या आधारानं, होकायंत्राशिवाय, ताहितीला जाऊन पोचली. १९७८ मध्ये राज्यघटनेत हवाई भाषेला इंग्रजीच्या बरोबरीनं अधिकृत स्थान मिळालं. सैल तारांची गिटार या जागरणाचा आवाज बनली. गॅबी १९८० मध्ये गेला, पण त्याची मुलं वाजवत होती, आणि न पाहिलेले कितीतरी शिष्यही. मासे देऊन शिकलेल्या रे काने यांना १९८७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. जॉर्ज विन्स्टन या अमेरिकी पियानोवादकानं जुन्या वादकांची ध्वनिमुद्रणं करून १९९४ पासून ती प्रसिद्ध केली, आणि त्यांच्यासोबतच्या टिपणांत जुळण्याही छापल्या. पूर्वी वादक पाठ फिरवून जे लपवत, ते आता मुखपृष्ठाच्या आत छापून येत होतं. २००५ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत हवाई संगीताचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याचा पहिला मान सैल तारांच्या गिटारवादनाच्या संग्रहालाच मिळाला. तो विभाग २०११ नंतर बंद झाला. वादन मात्र थांबलं नाही.

दूर गेलेली ती दोन भावंडं एका माणसाच्या हातून जवळ आली, हेही सांगायला हवं. राय कूडर हा अमेरिकी गिटारवादक १९७५ च्या सुमाराला हवाईत जाऊन गॅबीच्या मेळात बसला, त्याच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं. पुढे त्यानंच काबरांच्या वाटेनं गिटारची मोहनवीणा घडवणाऱ्या पंडित विश्वमोहन भट यांच्याबरोबर 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही १९९३ ची ध्वनिमुद्रिका केली आणि तिला ग्रॅमी मिळाली. ओसरीवर राहिलेली गिटार आणि जगभर फिरून रागदारीत रमलेली गिटार, दोघींशी त्याचा संवाद झाला, कारण दोघींच्या तारा मुळात एकाच हेतूनं सैल झाल्या होत्या.

विद्या लपवली तर ती शुद्ध राहते आणि वाटली तर पातळ होते, असं आपण ऐकत आलो आहोत. सैल तारांचा इतिहास थोडं वेगळं सांगतो. कठीण दिवसांत घरानं ती जपली, हे खरं. ते जपणं नसतं तर वाटायला काही उरलंच नसतं. पण जपणाऱ्यांतल्याच काहींनी वेळेवर मूठ उघडली, म्हणून ती आज जिवंत आहे. आपल्याही घरांत अशी काही ना काही विद्या असते. एखादी ओवीची चाल, एखाद्या वाद्याची जुळणी, एखाद्या मसाल्याचं प्रमाण. ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याजवळ बसून विचारायला हवं, आणि ज्यांना विचारलं जाईल त्यांनी सांगायलाही हवं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)